आतली कडी

वाचकहो, चिंचवडगावात पवनेच्या काठी मोरया गोसावींचे समाधिमंदिर आहे. तेथील घाटाजवळ पहाटे फिरायला येणाऱ्या मंडळींत आपण कधी मिसळलात, तर एक गोष्ट ध्यानात येईल. बहुतेक जण एकेकटे येतात, मान तुकवून नमस्कार करतात आणि आपापल्या वाटेने जातात. बोलणे फारसे होत नाही. मात्र नेहमीचा एखादा चेहरा दोन-तीन दिवस दिसला नाही, की चौकशी सुरू होते. मी त्या मंडळींतलीच एक. वय 69, अविवाहित, शाळेतून निवृत्त झालेली. एकटे राहणे ही माझ्यावर कोसळलेली आपत्ती नव्हे. ते माझे घर आहे, आणि मी ते हौसेने मांडले आहे.

गेल्या पावसाळ्यात या घराची एक उणीव कळली. सकाळी न्हाणीघरात पाय घसरला. मनगट मोडले, कंबर इतकी दुखावली की उठता येईना. मोबाइल पलंगावर आणि बाहेरच्या दाराला आतून कडी. दाराला अडकवलेली दुधाची पिशवी दहा वाजले तरी तशीच लटकते आहे, हे शेजारच्या वहिनींच्या लक्षात आले तेव्हा हाका मारणे सुरू झाले आणि शेवटी दार फोडावे लागले. प्लॅस्टर निघाले, पण नातलगांचा निर्णय मात्र पक्का झाला होता : ‘आता एकटीने कुठे म्हणजे कुठे जायचे नाही.’

आपल्यापैकी अनेकांनी हे वाक्य ऐकले असेल, आणि अनेकांनी ते प्रेमापोटी उच्चारलेही असेल. मला त्यातले प्रेम कळत होते, पण त्या प्रेमाने माझे जग दोन खोल्यांएवढे होत चालले होते. म्हणून एका रविवारी मी भाच्याला फोन केला आणि सांगितले, ‘मी चाकणला येते आहे. न्यायला येऊ नकोस. निघाले की कळवते, पोहोचले की कळवते.’

भोंग्यांचे गाव

ज्या वाटेने मी निघाले, तिला एकट्या माणसांची सवय जुनी आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, पुढे मोटारींचे आणि स्कूटरचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भातून आणि परप्रांतांतूनही तरुण येथे आले. अनेक जण प्रथम एकटेच आले. एका खोलीत चार-पाच जण, खानावळीचा डबा, पाळीप्रमाणे आळीपाळीने वापरायची गादी आणि गावाकडे दरमहा मनीऑर्डर. 1982 साली महानगरपालिका झालेले हे शहर अशा माणसांनी वसवले. आज सत्तरी-पंचाहत्तरीला पोहोचलेले ते कामगार बागेतल्या बाकांवर भेटतात. अनेकांची मुले दूर गेली आहेत, कित्येकांचे जोडीदार निवर्तले आहेत. ज्या एकटेपणाने त्यांनी या गावात पाऊल ठेवले, तोच उतारवयात पुन्हा दाराशी आला आहे.

2022 च्या मार्चपासून पिंपरीतून मेट्रो धावते. स्थानकात उद्‍वाहक आहे, फलाट आणि डबा एका पातळीत आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना ही मोठी सोय. मी नाशिक फाट्याला उतरले आणि चाकणची बस धरली. भोसरी मागे पडली, मोशीला इंद्रायणी ओलांडली. येथून उजवीकडे आळंदी, डावीकडे देहू. मध्ये मालमोटारींची न संपणारी रांग. चाकणच्या तळेगाव चौकात बस अशी अडकली, की शेजारचा तरुण उभ्या उभ्या झोपी गेला. त्याच्या गळ्यात कारखान्याचे ओळखपत्र होते. मी त्याला माझी जागा देऊ केली. तो ओशाळून म्हणाला, ‘नको आजी, बसलो तर उतरायचं राहून जाईल.’

दिवसाची रात्र

भाचा 34 वर्षांचा, एका कारखान्यात पाळीने काम करतो. आठवड्याआड पाळी बदलते. खोलीच्या खिडकीला जाड चादर लावलेली, ओट्यावर मॅगीची रिकामी पाकिटे. डोळे लाल. पहिल्या चहाबरोबरच माझ्या तोंडून निघून गेले, ‘मग लग्नाचं काय ठरवलंस?’

तो हसला. ‘आत्या, तुला विचारायचे तेव्हा तू काय सांगायचीस?’

वाचकहो, मी निरुत्तर झाले. चाळीस वर्षे जो प्रश्न मला समारंभातून पळ काढायला लावीत होता, तोच मी पदरात बांधून इतक्या लांब घेऊन आले होते. थोड्या वेळाने तो आपणहून बोलला. एक-दोन ठिकाणी बोलणी झाली होती. कोणाला स्वतःचा फ्लॅट हवा होता, कोणाला रात्रपाळी नको होती. ‘गावाला गेलो की सगळे हेच विचारतात. म्हणून जाणंच कमी केलं. तू तरी विचार ना, की मी झोपतो किती?’

मी विचारले. उत्तर होते, चार तास. तेही तुकड्यातुकड्यांनी.

आपल्या घरातली एकटी राहणारी मुले-मुली का दुरावतात, याचे उत्तर मला तेथे मिळाले. आपण त्यांच्या आयुष्यातली रिकामी जागा तेवढी पाहतो. भरलेल्या जागेतले ओझे पाहायचे राहून जाते.

संध्याकाळी आम्ही संग्रामदुर्ग पाहिला. 1660 साली फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर शिबंदीनिशी शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध हा भुईकोट पन्नासहून अधिक दिवस लढवला. आता थोडी तटबंदी आणि खंदकाच्या खुणा उरल्या आहेत. तटाला टेकून भाचा म्हणाला, ‘आत्या, तुझ्या दाराला आतून कडीच का लागते? किल्लीने बाहेरून उघडेल असं कुलूप बसवू. एक किल्ली वहिनींकडे, एक माझ्याकडे.’ इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मला प्रवासबंदी करणाऱ्या नातलगांनाही नाही.

दिंडीची रीत

परतताना मनात वारी होती. तुकोबारायांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीला मुक्कामाला येते. दिंडीतला प्रत्येक जण आपल्याच पायांनी चालतो, कोणी कोणाला उचलून नेत नाही. पण मुक्कामावर एखादा दिसला नाही, तर त्याचा शोध घेतला जातो. एकटे चालावे, पण आपण नाही हे कोणाच्या तरी लक्षात यावे. एवढी सोय असली, की एकटेपणाला भिण्याचे कारण उरत नाही.

आपणही आपली दिंडी बांधून ठेवावी. मी केलेल्या गोष्टी सांगते :

• रोज सकाळी सातला भाच्याला एक निरोप. साडेसातपर्यंत तो आला नाही, तर तो फोन करतो. फोन उचलला नाही, तर वहिनी किल्लीने दार उघडतात.

• मोबाइल न्हाणीघरातही सोबत, हात पोहोचेल अशा उंचीवर. तेथे आधाराची दांडी आणि न घसरणारे पायपुसणे.

• पलंगावरून उठताना मिनिटभर बसून मगच उभे राहणे.

• प्रवासाच्या पिशवीत पाणी, थोडा खाऊ, औषधांची यादी आणि दोन जणांचे फोन क्रमांक. वारंवार लघवीला होईल म्हणून प्रवासाच्या दिवशी गोळी परस्पर बंद करू नये. तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.

• रुग्णवाहिकेसाठी 108, तातडीच्या मदतीसाठी 112 आणि ज्येष्ठांच्या मदतवाहिनीसाठी 14567 हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर.

आणि काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. ‘जाऊ नका’ म्हणण्याआधी ‘कसे जाल?’ असे विचारा. रात्रपाळी करणाऱ्या मुलांना फोन करताना त्यांची झोपेची वेळ आधी विचारून घ्या. पाळी संपत आल्यावर चहा टाळणे, खोली अंधारी ठेवणे, झोपेचे तास ठरलेले ठेवणे, या गोष्टींनी झोप सुधारते. निद्रानाश फार दिवस टिकला, तर डॉक्टरांना दाखवावे.

त्या दिवसापासून भाच्याला मी लग्नाचे विचारलेले नाही. काल सकाळी सातला माझा निरोप गेला आणि लगोलग त्याचे उत्तर आले : ‘सहा तास झोपलो.’

आता मी भंडाऱ्याच्या डोंगरावर जायचा बेत करते आहे. एकटीच. किल्ली वहिनींकडे आहे.