मावळतीची सनद

सन २०१७ च्या जून महिन्यांत टेक्सासहून आमच्या भाचीचा दूरध्वनि आला. ती तेथें समुपदेशकाचा व्यवसाय करते. खचलेल्या माणसांचें ऐकून घेऊन त्यांना सांवरणें हें तिचें काम. "मामा, आम्हांला सनद देणारें मंडळच बंद पडण्याच्या बेतांत आहे," ती म्हणाली. आम्हांस प्रथम हंसूं आलें. सरकारी मंडळ एकदां स्थापन झालें कीं तें अमर, अशीच आमची समजूत!

चौकशीअंतीं कळलें कीं, तिकडे 'सूर्यास्ताचा कायदा' नांवाचा एक प्रकार आहे. कोलोरॅडो राज्यानें तो १९७६ सालीं प्रथम केला व पुढच्याच वर्षीं टेक्सासनें त्याचें अनुकरण केलें. या कायद्यानें मंडळांच्या आयुष्याला मुदत घातली आहे. टेक्सासमध्यें ती बहुधा १२ वर्षांची असते. मुदत भरत आली कीं पांच सेनेटर, पांच प्रतिनिधि व दोन नागरिक अशा बारा जणांचें कमिशन मंडळाच्या कामाची झडती घेतें. मग विधिमंडळानें कायदा करून मुदत वाढविली तर बरें. कांहींच न केलें, तर मंडळाचा सूर्य आपोआप मावळतो.

त्या वर्षीं दोन सभागृहांचें निराळ्याच विषयांवरून जुंपलें आणि मुदतवाढीचें बिल तसेंच राहिलें. डॉक्टरांचें मंडळ आणि मानसोपचार व समाजसेवा या क्षेत्रांतील चार मंडळें त्यांत सांपडलीं.

आम्ही थट्टेनें म्हणालों, "बरें झालें, डोक्यावरचा एक परीक्षक गेला!"

"मामा, माझी विद्या कोणी काढून घेणार नाहीं," ती शांतपणें म्हणाली. "पण उद्यां कोणीही पाटी लावून बसला, तर दुःखानें वेडीपिशी झालेली बाई खरा कोण, खोटा कोण, हें कशावरून ओळखील? आणि फसली तर दाद कोणाकडे मागेल?"

आम्ही निरुत्तर झालों. सनद ही व्यावसायिकाची मिरास, एवढेंच आजवर आम्ही धरून चाललों होतों. दाराशीं येणाऱ्या परक्याची ती ढाल आहे, हें ध्यानांतच आलें नव्हतें.

अखेर जुलैमध्यें गव्हर्नरांनीं खास अधिवेशन बोलावलें व पांचही मंडळांस २०१९ पर्यंत जीवदान मिळालें. २०१९ सालीं भाचीचें मंडळ इतर तिघांसह एका नव्या परिषदेखालीं आलें. त्याच वर्षीं प्लंबरांच्या मंडळावर तोच प्रसंग ओढवला. तें गव्हर्नरांच्या हुकुमानें तगलें. कोलोरॅडोंत मात्र अंत्यविधीच्या व्यवसायाची सनद पूर्वींच रद्द झाली होती. २०२३ सालीं पेनरोज गांवीं सुमारें १९० प्रेतें कुजलेल्या स्थितींत सांपडलीं, तेव्हां २०२४ सालीं सनदेचा कायदा नव्यानें करावा लागला.

तरीही त्या कायद्याला आम्ही नांवें ठेवणार नाहीं. आमच्या घरीं दिवाळीपूर्वीं माळा झाडतांना प्रत्येक भांडें हातीं घेऊन 'हें हवें कीं नको?' असें विचारलें जातें. तसें न केलें तर माळा अडगळीनें भरून जाईल. परंतु भांडें मोडींत घालावयाचें तें पाहून, पारखून. घरांत भांडण चालू होतें म्हणून पाणी तापवावयाचा बंब दाराबाहेर पडूं नये. कारण थंडीच्या दिवसांत त्याची उणीव भांडणाऱ्यांना नव्हे, घरांतल्या आजाऱ्याला आधीं भासते.