वेताळाचा प्रश्न

मोठा भाऊ हुशार निघाला की धाकट्याची शाळेत पंचाईत होते. वर्गात पाऊल टाकताच गुरुजी विचारतात, "तू त्याचाच भाऊ ना?" आणि त्या क्षणापासून बिचाऱ्याची उत्तरपत्रिका त्याच्या एकट्याची राहत नाही. चित्रपटाच्या दुसऱ्या भागाचेही असेच असते. त्यातून तो चित्रपट रक्तपिपासू भुतांचा, हाणामारीचा आणि अचाट शक्तीच्या नायकाचा असला, तर परीक्षक आधीपासूनच भुवया चढवून बसलेले असतात. अशा चित्रपटांविषयी जाणती माणसे काय लिहितात आणि ते आपण कसे वाचावे, यासंबंधी चार शब्द लिहिण्याचा आमचा मानस आहे.

आमचे मलाजखंड हे बालाघाट जिल्ह्यातील तांब्याच्या खाणीचे गाव. १९५६ पूर्वी हा मुलूख आणि विदर्भ एकाच राज्यात नांदत होते व नागपूर ही राजधानी होती. पुढे सीमा बदलल्या. सोयरीकी आणि मराठी वृत्तपत्रे मात्र सीमा ओलांडून येतच राहिली. २०२५ च्या दिवाळीत, २१ ऑक्टोबरला, 'थामा' नावाचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि आमच्या घरात दोन तट पडले. चित्रपट हिंदी खरा, परंतु दिग्दर्शक आदित्य सरपोतदार हे मराठी. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला २०१७ साली पडद्यावर आणणारे तेच आणि कोकणातला 'मुंज्या' २०२४ साली दाखविणारेही तेच. २०१८ च्या 'स्त्री'पासून सुरू झालेल्या भय आणि विनोद यांच्या मालिकेतील 'थामा' हा पाचवा चित्रपट. त्यातला नायक माणसाचा वेताळ होतो.

"सणासुदीला रक्त कसले बघता रे?" असे आजीचे म्हणणे. "आजी, तो वेताळ आहे, आपल्याच गोष्टींतला!" असे मुलांचे. काकांनी वृत्तपत्र उघडले आणि निवाडा एका वाक्यात उरकला : "तारे किती दिलेत तेवढे वाचा, म्हणजे जायचे की नाही ते ठरेल."

काकांचा हा तोडगा सोयीचा खरा, पण आम्हांस तो पटला नाही. तारे मोजणे म्हणजे गुणपत्रिका पाहून मुलाचा स्वभाव ओळखणे होय! 'मुंज्या'चे परीक्षकांनी बहुतांशी कौतुक केले. पिंपळावरचा मुंज्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला आहे; त्याची गोष्ट ज्या मातीत रुजली त्याच मातीत सांगितली गेली, म्हणून ती भावली. 'थामा'विषयी मात्र मते फाकली. वेताळांच्या जगाची कल्पना अनेकांस आवडली. परंतु कथा मध्येच सैलावते, आणि पुढील चित्रपटांची बांधबंदिस्ती करण्यात हाती असलेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रारही झाली. प्रेक्षकांनी दोन्ही चित्रपटांस शंभर कोटी रुपयांच्या पलीकडे नेले. म्हणजे तिकीटबारीचा कौल एकच आणि परीक्षकांचा निराळा. तारे मोजून वा रुपये मोजून हा भेद कळत नाही. कारणे वाचावी तेव्हाच तो कळतो.

सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण याहून बोलके आहे. १९७३ साली अमेरिकेतील एका चित्रकथामालेत ब्लेड नावाचा वीर जन्मला. अर्धा माणूस, अर्धा रक्तपिपासू. त्याच्यावरील चित्रपट १९९८ साली आला आणि दुसरा भाग, 'ब्लेड २', २००२ साली. या दुसऱ्या भागात इतका रक्तपात आहे की अमेरिकेत सतरा वर्षांखालील मुलांना पालकांवाचून तो पाहण्यास मज्जाव होता. तेथील समीक्षकांतही दोन तट पडले. कोणी म्हणाले, कथा पातळ आणि मारामारी उदंड. रॉजर ईबर्ट या नामांकित समीक्षकाने मात्र पहिल्या भागास चारांपैकी तीन तारे दिले होते, ते दुसऱ्यास साडेतीन दिले! धाकट्या भावाला असा न्याय क्वचितच मिळतो. चित्रपटाचे दिग्दर्शक होते मेक्सिकोचे गिलेर्मो देल तोरो. त्यांचा खलनायक हा बापानेच प्रयोग करून बिघडविलेला मुलगा आहे. त्याची भीती वाटते आणि कीवही येते. याच दिग्दर्शकास २०१८ साली, एका मुक्या स्त्रीच्या आणि पाण्यातील विचित्र प्राण्याच्या प्रेमकथेसाठी, ऑस्कर पारितोषिक मिळाले. रक्ताच्या चिळकांड्यांआड दडलेली करुणा ज्यांना २००२ सालीच दिसली, त्यांचे वाचन खोल म्हटले पाहिजे.

मग आजीचे म्हणणे खोटे काय? मुळीच नाही, किंबहुना तिचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. खाणीच्या गावात राहणाऱ्यांस रक्ताची किंमत ठाऊक असते. सुरुंगाचा भोंगा वाजला की घरातली स्त्री हातातले काम क्षणभर थांबविते. कामावरचा माणूस बोटाला चिंधी बांधून परतला, तरी त्या संध्याकाळी घर मोठ्याने बोलत नाही. आणि पडद्यावर? शेकडो देह पडतात, आणि त्यांच्या घरी कोण वाट पाहत होते हे कोणी विचारीत नाही. म्हणून आमची कसोटी अशी : चित्रपटात रक्त किती सांडले यापेक्षा सांडलेल्या रक्ताचे कोणाला काही वाटले की नाही, हे पाहावे. वाटले असेल तर ती कथा. नसेल तर नुसता रंग. आणि ज्या वयासाठी चित्रपट नाही, त्या वयात तो पाहू नये, हे वेगळे सांगावयास नको.

येथे आम्हांस आपला जुना वेताळ आठवतो. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त तो आहे आणि गोव्यात, कोकणात तो गावाचा राखणदार म्हणून पुजला जातो. १८७० साली रिचर्ड बर्टन या इंग्रजाने त्याच्या गोष्टी आपल्या भाषेत नेल्या, तेव्हा त्याला रक्तपिपाशाचे नाव दिले. खरे पाहता विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ रक्त मागत नाही. तो गोष्ट सांगतो आणि उत्तर मागतो. कोण बरोबर, कोण चूक, आणि का? ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, ही त्याची अट! राजा विक्रम उत्तर देतो, कारणांसह देतो, आणि त्यापायी पुन्हा पुन्हा स्मशानाची वाट तुडवितो.

आमच्या मते समीक्षकाचा धर्म याहून निराळा नाही. आपल्या भाषेत टीका हा शब्द मुळात अर्थ उलगडून सांगण्यासाठी आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीकाच होय. दोष देणे हा त्याचा पुढे चिकटलेला अर्थ. विद्यार्थिमित्रहो, पुढल्या खेपेस एखादा चित्रपट पाहून आलात, की "मस्त" किंवा "भिकार" एवढ्यावर थांबू नका. वहीत दहा ओळी लिहा : काय आवडले, काय खटकले, आणि का. मग वृत्तपत्रातील परीक्षण वाचा आणि आजीलाही विचारा. तिघांचे पटलेच पाहिजे असे नाही. परंतु 'का' या प्रश्नाला आपले स्वतःचे उत्तर देता आले, तर वेताळ पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळला तरी चिंता नाही. डोके मात्र शाबूत राहील.