धुक्यापलीकडचा बाप

भुताखेतांच्या गोष्टींचा मला तिटकारा नाहीं, तसें वेडहि नाहीं. साठी उलटल्यावर भयाचा एक इंग्रजी चित्रपट मी दोनदां पाहीन, असें कोणी म्हटलें असतें तर मीं तें हंसण्यावारी नेलें असतें. हा प्रसंग आणला आमच्या थोरल्या बंधूंच्या नातवानें. सुटींत तो दिवसभर यंत्रापुढें बसलेला पाहून मीं त्याला चार शब्द सुनावले. तो शांतपणें म्हणाला, "भाऊआजोबा, रागावण्याआधीं एकदां तुम्हीच खेळून पाहा ना!" त्याच्या म्हणण्यांत न्याय होता. मीं यंत्र हातीं घेतलें.

'सायलेंट हिल' हा जपानच्या कोनामी कंपनीनें १९९९ सालीं प्लेस्टेशनसाठीं काढलेला खेळ. हॅरी मेसन नांवाचा एक लेखक, पत्नी वारलेली, सात वर्षांच्या मुलीला घेऊन मोटारीनें निघतो. वाटेंत अपघात होतो. शुद्धीवर येऊन पाहतो तों मुलगी नाहीं, आणि समोर धुक्यांत बुडालेलें ओसाड शहर. पुढें सारा शोध. त्या काळच्या यंत्राला दूरवरचा देखावा रेखाटण्याची शक्ति बेताची होती. कर्त्यांनीं धुक्याचा पडदा ओढून ती उणीव झांकली आणि तिलाच भयाचें साधन केलें. हॅरीच्या खिशांतला रेडिओ कांहीं अभद्र जवळ आलें कीं खरखरूं लागतो. दिसत कांहींच नाहीं, पण पुढें जाणें तर प्राप्त आहे, आणि पाऊल टाकणारा हात आपलाच! माझें बोट थबकलें कीं हॅरी थबके. अर्ध्या तासांत माझे तळवे घामानें भिजले.

मग मुलानें त्यावरून निघालेला चित्रपट दाखविला. ख्रिस्तोफ गान्स या फ्रेंच दिग्दर्शकानें तो २००६ सालीं केला. पडद्यावर भय आणावयाचें म्हणजे प्रेक्षकाच्या हातचें यंत्र काढून घ्यावें लागतें. त्याच्या बदल्यांत त्याला काय द्यावयाचें, हा खरा प्रश्न. गान्सनें दिली आई. बापाच्या जागीं येथें रोझ नांवाची माता आहे, आणि राधा मिचेल या नटीनें ती इतक्या तळमळीनें उभी केली आहे कीं पहिला तासभर आपण तिच्या पायांनींच धांवतों. खेळांतलें धुकें, आकाशांतून बर्फासारखी झरणारी राख, भोंगा वाजतांच पडणारा काळोख आणि पापुद्र्यांसारख्या सोलून निघणाऱ्या भिंती, हें सारें दिग्दर्शकानें श्रद्धेनें जपलें आहे. अकिरा यामाओका यांचें मूळ खेळांतलें संगीतहि त्यानें ठेविलें. हें त्याचें बळ.

दोषहि लहान नाहींत. शेवटाकडे येतां येतां त्या शहराचा सगळा पूर्वेतिहास, जाळलेल्या मुलीची सारी हकीकत, एका दमांत समजावून सांगितली जाते. कीर्तनांत आख्यान रंगलें असतां बुवांनीं टिपणवही काढून अर्थ वाचून दाखवावा, तसें होतें. समजलेलें भय भय राहत नाहीं. दुसरें असें कीं, त्रिकोणी लोखंडी शिरस्त्राणाचा जो भयंकर मारेकरी यांत येतो तो मुळांत २००१ सालच्या दुसऱ्या खेळांतला. तेथें तो आजारी बायकोला मारणाऱ्या एका पुरुषाच्या अपराधी मनाचें रूप होता. येथें तो पुरुषच नाहीं. तेव्हां मारेकरी नुसता बागुलबोवा उरतो. आणि देवळांतल्या अखेरच्या प्रसंगांत काटेरी तारांनीं माणसें फाडलेलीं दाखविलीं आहेत, त्यांत किळस आहे, भय नाहीं. लहान मुलांना हा चित्रपट मुळींच दाखवूं नये.

आणखी एक दोष सांगतात तो रोझच्या नवऱ्याचा. शॉन बीन या नटानें केलेला हा ख्रिस्तोफर धुक्याबाहेरच्या साध्या शहरांत पोलिसांबरोबर बायकोमुलीला शोधत हिंडतो, आणि त्याचे प्रसंग आले कीं भयाची वीण उसवते असें म्हणतात. आमचा मुलगा तर ते प्रसंग भराभर पुढें ढकलूं लागला. मीं त्याचा हात धरला. एका ओसाड शाळेंत पतिपत्नी एकाच जागीं एकमेकांजवळून जातात. ती धुक्यांतल्या जगांत, तो उघड्या जगांत. तो एकदम थांबतो. त्याला तिच्या अत्तराचा वास आला आहे. दिसत मात्र कांहीं नाहीं.

तेथें मला जेजुरी आठवली. सोमवती अमावस्येच्या यात्रेंत आमची पांच वर्षांची मुलगी गर्दींत हरवली होती. मंडळी पायऱ्या चढून गडाकडे धांवल्या, मी खालीं बाजाराकडे धांवलों. पाऊण तासानें दीपमाळेपाशीं ती त्यांना सांपडली. तेव्हांपासून घरांत ही हकीकत सांगतात ती अशी: आई वेडीपिशी होऊन पायऱ्या चढली, बाबा मात्र शांत होते. मीं कधीं खोडून काढलें नाहीं. पण त्या पाऊण तासांत प्रत्येक दुकानापुढें मुलीच्या परकराचा रंग सांगतांना माझ्या घशांतून आवाज निघत नव्हता. माझ्या जगांत धुकें नव्हतें, लख्ख ऊन होतें. आणि त्या उन्हांतच मला माझी मुलगी दिसत नव्हती.

म्हणून खेळांतल्या बापाला काढल्याबद्दल मी दिग्दर्शकावर रुसलों नाहीं. त्यानें बापाला काढलें नाहीं, उन्हांत उभें केलें. शेवटीं मायलेकी घरीं परततात, पण धुकें त्यांच्याबरोबरच येतें. त्याच घरांत बाप कोचावर झोंपलेला असतो आणि कोणीच कोणाला दिसत नाहीं. चित्रपटाच्या साऱ्या राक्षसांत या रिकाम्या दिवाणखान्याइतकें भयंकर कांहीं नाहीं.

दुसऱ्या खेपेस मंडळीहि शेजारीं येऊन बसल्या होत्या. दिवे लागल्यावर मीं सहज विचारल्यासारखें विचारलें, "जेजुरीला त्या वेळीं मी कोठें असेन असें तुला वाटलें होतें ग?"

"वाटायचें काय त्यांत?" त्या वाती वळतां वळतां म्हणाल्या. "तुम्ही खालीं शोधत असणारच. म्हणून तर मी बिनघोर वर गेलें."