वावर तिथंच होतं

आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवरचा काळा फळा ही माझी एकतीस वर्षांची जहागीर. मी इतिहासाचा मास्तर. रोज पावणेदहाला त्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'दिनविशेष' लिहायचा. त्यासाठी एक जाड रजिस्टर केलंय, एका तारखेला एक पान. सहा जूनचं पान मजकुरानं भरून वाहतंय, तर काही पानं अजून कोरीच.

तीनेक वर्षांपूर्वी सातवीतल्या एका पोरानं विचारलं, "सर, आपल्या गावात कोन्त्याच तारखेले काई झालं नाई काय?"

आसेगाव नावाची गावं विदर्भात बरीच. हे मंगरूळपीर तालुक्यातलं, वाशिम जिल्ह्यातलं. इथं लढाई झाली नाही, तह झाला नाही. पोराला काय सांगावं? मी त्याला म्हटलं, घरी जा, आजोबांची लोखंडी पेटी उघड आणि कागद घेऊन ये.

तो खरंच घेऊन आला. पिवळे पडलेले चार-पाच कागद, घड्यांवर फाटलेले, कसर लागलेले. खरेदीखतावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड'. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मध्यप्रदेश. शेतसाऱ्याच्या एका पावतीवर मुंबई राज्य. पुढचे कागद महाराष्ट्र, जिल्हा अकोला. आणि सर्वांत नवं रेशनकार्ड, जिल्हा वाशिम. वावर मात्र एकच. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "मी कुठीच गेलो नाई बाप्पा, सरकारच येत-जात रायलं."

त्या दिवसापासून मी रजिस्टर आजोबांच्या वावराच्या धुऱ्यावर उभा राहून वाचायला लागलो.

17 डिसेंबर 1803 घ्या. अडगावची लढाई आधीच हरलेली आणि गाविलगड पडून दोनच दिवस झालेले. नागपूरकर रघूजी भोसल्यांनी देवगावच्या तहावर मोहोर उठवली आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. तोवर वऱ्हाडात दुअमली होती, निजामाचा आणि भोसल्यांचा वसुलात वाटा. एका तहानं वऱ्हाडाचा बहुतेक मुलूख निजामाकडे गेला. हरले भोसले, जिंकले इंग्रज, मुलूख मिळाला तिसऱ्यालाच!

21 मे 1853. आता निजामाची पाळी. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, पण पगार निजामाच्या खजिन्यातून. त्या पगाराची थकबाकी फिटेना, तेव्हा कंपनीनं वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. आमच्या भाषेत सांगायचं तर वावर गहाण पडलं. गंमत अशी की या फौजेची एक छावणी हिंगोलीला, म्हणजे आमच्या शेजारीच. शेजारच्या शिपायांच्या पगारापायी आमचा मुलूख गहाण!

5 नोव्हेंबर 1902 ला गहाणाचा मक्ता झाला. लॉर्ड कर्झननं निजामाकडून वर्षाला 25 लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं, आणि पुढल्या वर्षी ते मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलं. 24 ऑक्टोबर 1936 च्या करारानं निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिती दुसऱ्याची, हा प्रकार इथं कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

तारखांच्या धंद्यातली एक खोच सांगतो. जुन्या इंग्रजी तारखा पाहताना नेहमी विचारावं, कोणत्या कॅलेंडरच्या? शिवजन्माची 19 फेब्रुवारी 1630 ही ज्युलियन तारीख. आजच्या ग्रेगोरियन हिशेबानं तो दिवस 1 मार्च येतो. राज्याभिषेकाची 6 जूनही तशीच, ती 16 ला जाते. एकाच दिनविशेषात आपण दोन कॅलेंडरं शेजारी-शेजारी बसवतो आणि कोणाला पत्ता नसतो. फळ्यावर मी 19 फेब्रुवारीच लिहितो. पोरांची मिरवणूक कशाला मोडा?

माझं लाडकं पान मात्र 10 जुलैचं. 1930 साल. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, पण वऱ्हाडाला समुद्र कुठून आणायचा? अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात लोकांनी डोकं चालवलं, दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरीचं पाणी उपसून आटवलं. पण विहिरी कितीशा पुरणार! मग लोकनायक बापूजी अणे पुसदच्या राखीव जंगलात गेले आणि विनापरवाना गवत कापलं. गवताचा सत्याग्रह! मीठ नाही तर चारा. गुरांच्या धन्याला जंगलाचा कायदा मिठाच्या कायद्यापेक्षा जास्त बोचत होता, हे अण्यांनी बरोबर हेरलं. अकरा दिवसांनी यवतमाळजवळ गवत कापणाऱ्या एका तुकडीत संघाचे डॉ. हेडगेवार होते; त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा होऊन अकोल्याच्या तुरुंगात जावं लागलं. हे वाक्य फळ्यावर लिहिलं की दोन्ही बाजूंचे लोक थांबून पुन्हा वाचतात. मला मजा येते.

15 ऑगस्ट 1947 ला आमच्याकडे तिरंगा चढला. पैनगंगेपलीकडे हिंगोलीत मात्र अजून निजामाचंच राज्य, ते 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. नदी ओलांडली की तेरा महिने मागं. वाशिमहून हिंगोलीला जाताना सीमेवर लागणाऱ्या कनेरगावच्या नावात 'नाका' अजून आहे.

1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आले आणि नागपूरची राजधानी गेली. साडेतीन वर्षांत महाराष्ट्र झाला. ते सगळ्यांना पाठ आहे, मी लांबवत नाही. पण 25 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर 1963 या दहा दिवसांत राज्याचा मुख्यमंत्री कोण, असं विचारलं तर शिक्षकसुद्धा अडतात. मारोतराव कन्नमवार पदावर असताना वारले आणि वसंतराव नाईक येईतो बाळासाहेब सावंतांनी खुर्ची सांभाळली. नंतर नाईक अकरा वर्षांवर बसले. नाईकांचं गहुली पुसद तालुक्यात. हे पुसद, आमचं मंगरूळ आणि वाशिम मिळून इंग्रजांचा 'बासिम' जिल्हा होता. 1905 मध्ये तो मोडला, पुसद यवतमाळला गेलं, आम्ही अकोल्याला. 1 जुलै 1998 ला वाशिम जिल्हा पुन्हा उभा राहिला, पुसदशिवाय. आणि 1 जुलै ही नाईकांची जन्मतारीख.

एवढं सगळं त्या पोराला ऐकवलं. त्याचं समाधान झालं नाही. "हे तं गावाच्या भायेर झालं," म्हणाला. मग पुन्हा आजोबांकडे गेलो. गावातली एखादी तारीख सांगा. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले आणि म्हणाले, पहिली एसटी आली तो दिवस.

कोणता?

"तूर सोंगाले आली व्हती. अन् मोठ्या बैलाचा खूर दुखत व्हता."

मला वाशिमचा ताम्रपट आठवला. वाकाटकांच्या दुसऱ्या विंध्यशक्तीनं वत्सगुल्मातून, म्हणजे आजच्या वाशिमातून दिलेला. राज्यवर्ष 37, पुढे महिन्याचं नावच नाही. हेमंत ऋतू, पंधरवडा आणि दिवस, बस्स.

तूर सोंगायची म्हणजे डिसेंबरची अखेर किंवा जानेवारी. वर्ष आजोबांना आठवत नाही. मी ती नोंद एका चिठ्ठीवर लिहून रजिस्टरात 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीच्या मध्ये खोचून ठेवलीय. दोन्ही महिन्यांची पानं चाळून होतात, पण चिठ्ठी अजून कोणत्याच पानावर चिकटवलेली नाही. पोरगा दर आठवड्याला येऊन विचारतो, बैलाचं काही कळलं का.