फुटलेला कोष

नागपूरहून रायपूरकडे जाताना खिडकीची जागा मिळाली, तर डोंगरगड येईपर्यंत पुस्तक उघडू नये. गोंदिया सुटलं की सालेकसा-दरेकसाचं जंगल रुळांपर्यंत येतं, आणि बम्लेश्वरीची टेकडी दिसते तेव्हा महाराष्ट्र मागे पडलेला असतो. पुढचा सपाट प्रदेश वाचत काढायला हरकत नाही. या खेपेला माझ्या पिशवीत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि मराठी नवा करार अशी दोन पुस्तकं होती. दोन्हींचा या लोहमार्गाशी संबंध आहे.

1890 च्या दशकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक याच मार्गाने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला. बोलणं संस्कृत काव्यावर आलं आणि रंगलं. निरोप घेताना त्याने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हातात ठेवली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं ते सवयीने, पण मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या गिरिप्रवचनापाशी ते अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर घरात जे वादळ उठलं, ते लक्ष्मीबाईंइतक्या मिश्किलपणे आणि इतक्या सोसलेपणाने दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.

राजनांदगावला गाडी थांबली तेव्हा मी मुद्दाम तेच तीन अध्याय काढले. सहाव्यात एक किडा आहे: कसर. पृथ्वीवर साठवलेली संपत्ती ती खाऊन टाकते. थोडं पुढे रानफुलं येतात, शलमोन राजाच्या वस्त्रांहून देखणी. कसर आहे, फुलं आहेत, पण त्या फुलांवर बसायला फुलपाखरू नाही. सबंध बायबलमध्ये ते कुठेच नाही. आणि तरी आज ईस्टरच्या कार्डांवर, संडे स्कूलच्या कागदकामात आणि परदेशातल्या जुन्या थडग्यांवर ते पुनरुत्थानाची खूण म्हणून बसलेलं दिसतं. सुरवंट म्हणजे हे आयुष्य, कोष म्हणजे कबर, फुलपाखरू म्हणजे उठलेला ख्रिस्त आणि त्याच्यामागून उठणारे आपण, असा तो हिशेब. मग ते शिरलं कुठून?

एक जुनी वाट थेट आपल्याकडून जाते. चौथ्या शतकात कप्पदुकियातल्या कैसरियाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीचे, बिशप बासिल यांनी सृष्टीच्या सहा दिवसांवर प्रवचनं दिली. त्यांतल्या आठव्यात ते भारतातल्या एका शिंगवाल्या किड्याचा दाखला देतात. तो रूपं कशी पालटतो ते सांगतात आणि मग समोरच्या बायकांकडे वळतात: पूर्वेकडून आलेलं रेशीम हाती घेऊन बसाल तेव्हा या जीवाची रूपांतरं आठवा, म्हणजे पौलाने सांगितलेल्या पुनरुत्थानावर अविश्वास उरणार नाही. बासिल भारतात कधी आले नव्हते. किड्याची माहिती ऐकीव, बरीचशी ॲरिस्टॉटलकडून आलेली. पण दाखला लागू पडला. पुढे 1577 मध्ये स्पेनच्या आविला गावच्या संत तेरेसांनी 'अंतरंग किल्ला' लिहिताना पुन्हा रेशमाचाच किडा घेतला. तो आपलं घर स्वतः विणतो, त्यात मरतो आणि पांढरं फुलपाखरू होऊन बाहेर येतो. प्रार्थनेत जीवाचं तसंच होतं, असं त्या सांगतात. म्हणजे ईस्टर कार्डावरचं रंगीत फुलपाखरू नंतरचं. आधीचा मान रेशमाच्या किड्याचा. आणि मी निघालो होतो कोसा रेशमाच्या मुलखात.

रायपूर स्टेशनाबाहेर मराठी ऐकू यायला फार वेळ लागत नाही. नागपूरकर भोसल्यांचा भास्करपंत 1741 मध्ये या बाजूला उतरला, बिंबाजी भोसले रतनपुराहून कारभार पाहत होते, आणि 1818 नंतर इंग्रजांच्या कर्नल अ‍ॅग्न्यूने मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. 1854 मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. तीन वर्षांनी, 10 डिसेंबर 1857 रोजी, सोनाखानच्या वीर नारायण सिंहांना इथे फाशी दिलं गेलं. दुष्काळात सावकाराचं धान्य काढून त्यांनी लोकांना वाटलं होतं. जयस्तंभ चौकातून रिक्षा जाते तेव्हा एवढं आठवावं.

त्याच 1857 च्या धामधुमीत रांचीहून एक जर्मन मिशनरी, ऑस्कर लोर, अमेरिकेला निघून गेला. 1868 मध्ये तो परत आला तो रायपूरला. रेल्वे तेव्हा नागपूरपर्यंतच होती. गुरू घासीदासांच्या सतनामी पंथाबद्दल ऐकून त्याला वाटलं की मूर्ती नाकारणारे, एका सत्यनामाला मानणारे हे लोक उद्याचे ख्रिस्तीच आहेत. सतनामी गुरूच्या घरी त्याचं स्वागतही चांगलं झालं. रायपूरच्या उत्तरेला त्याने पडीक जमिनीचा मोठा तुकडा घेतला, त्याला बिश्रामपूर नाव दिलं, आणि तिथलं इम्मानुएल चर्च 1874 मध्ये उभं राहिलं. बिलासपूर रस्त्याने सिमगा गाठून तिथे जाता येतं. दोन्ही बाजूंना धानाची शेतं, आणि शेतात बुजगावण्यांपेक्षा बगळे जास्त.

लोरची अपेक्षा फुलपाखराची होती, असं मला वाटतं: जुनी कात इथेच राहील आणि अख्खा समाज पंख घेऊन उडेल. तसं झालं नाही. आले ते थोडे, आणि पुढे 1897 आणि 1900 च्या दुष्काळांत अनाथ होऊन आले ते जास्त. मिशनरी गावाचा मालगुजार झाला. बाप्तिस्म्यानंतरही सोयरीक कुणाशी करायची, पंगतीला कुणाबरोबर बसायचं, हे जुन्या रीतींनीच ठरत राहिलं, आणि मिशनऱ्यांची त्याबद्दल सतत कुरकुर असे. मला यात लोरचं अपयश दिसत नाही. टिळक तरी कुठे सगळं टाकून गेले? ते अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये घेऊन गेले, तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्तापाशी पोहोचलो म्हणाले. माणूस धर्म बदलतो तेव्हा जुनं घर बरोबर घेऊनच निघतो.

रायपुरात 1903 चं सेंट पॉल्स आहे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या छत्तीसगड धर्मप्रांताचं कॅथेड्रल. ज्या पौलाचं नाव या चर्चला आहे, त्याने पुनरुत्थान समजावताना किडा घेतलेला नाही, दाणा घेतलाय. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो सांगतो की पेरलेलं मेल्याशिवाय उगवत नाही. धान का कटोरा म्हणवणाऱ्या प्रदेशात हा दाखला कुणाला समजवावा लागत नाही. इथले मसीही ईस्टरच्या पहाटे, अंधार असतानाच, कबरस्तानात जातात. कबरी आधी साफ केलेल्या असतात, त्यांवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात, गाणी म्हणतात आणि उजाडायची वाट बघतात. मातीपाशी उभं राहून केलेली ही प्रार्थना मला कोणत्याही कार्डापेक्षा खरी वाटते.

मातीही सगळ्यांना मिळते असं नाही. 2025 च्या जानेवारीत बस्तरमधल्या एका पाद्र्याच्या दफनाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गावात पुरू देणार नाही, असा विरोध होता. देह जवळपास तीन आठवडे शवागारात होता. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, पण देहाची आणखी परवड नको म्हणून त्यांनी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफनाचा आदेश दिला. रिकाम्या कबरीवर श्रद्धा असलेल्या माणसांना आधी कबरीसाठी भांडावं लागतं, हे इथे येऊन न लिहिणं खोटेपणाचं होईल.

मग रायपूरच्याच पंडरी कापड बाजारात गेलो. छत्तीसगडचा कोसा म्हणजे टसर; चांपा, कोरबा, रायगडकडून येतो, विणणारे बहुतेक देवांगन. आपल्या भंडारा-गडचिरोलीकडचे ढिवरही हीच अळी ऐन-अर्जुनाच्या झाडांवर पोसतात. अळी पानं खाऊन बोटाएवढी होते, देठ असलेला कडक कोष बांधते आणि आत निजते. बियाण्यासाठी राखलेल्या कोषांच्या माळा टांगून ठेवतात. पतंग बाहेर यायच्या वेळी तोंडातून एक रस सोडतो, कोषाचं टोक भिजवतो, धागे बाजूला सारतो आणि भोकातून निघतो. तपकिरी, तळहाताएवढा, पंखांवर काचेसारखे डोळे असलेला. त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. थोडे दिवस जगतो, मीलन होतं, अंडी घातली जातात, संपतो.

आणि बाकीचे कोष? ते जीव आत असतानाच मारून उकळतात, कारण पतंग बाहेर पडला की सलग धागा निघत नाही. अंगावर तलम कोसा येतो तो न उठलेल्यांचा. बासिलांनी ज्या बायकांना हातातल्या रेशमाकडे बघून पुनरुत्थान आठवायला सांगितलं, त्यांच्या हातातलं रेशीमही बहुधा अशाच जीवांचं होतं. ते बासिलांना ठाऊक नसावं.

प्रतीक म्हणून फुलपाखराबद्दल माझी तक्रार इथेच आहे. कोषातला जीव मेलेला नसतो, त्याचं रूप बदलत असतं. ऋतू आला की तो निघणारच. ख्रिस्ती श्रद्धा मात्र म्हणते की येशू खरोखर मेला, आणि उठला तो निसर्गक्रमाने नव्हे. लूकच्या शुभवर्तमानात उठलेला येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो, तोंड नसलेल्या पतंगाशी त्याचं काय जुळायचं? जखमाही तशाच असतात अंगावर. गुळगुळीत नव्या पंखांचं चित्र त्या जखमा पुसून टाकतं. त्यापेक्षा फुटलेला कोष मला जवळचा वाटतो: भोक पडलेला, बाजारात कमी भावाचा, आणि आतला जीव निघून गेल्याची खूण जपणारा.

अशा फुटक्या कोषांचंही सूत निघतं. ते हाताने ओढून काततात. त्याला घिचा म्हणतात. जाडंभरडं, गाठीगाठींचं, पण अंगाला उबदार. पंडरीत गेलात तर तलम कोसा दुकानदार आपणहून दाखवेल. घिचा मात्र तुम्हाला मागावा लागेल, मागा.