पाण्यात गेलेल्या सुऱ्या

माझ्या टेबलावर सध्या तीन बिघडलेल्या सुऱ्या पडल्या आहेत. सौ. म्हणते, "भंगारवाल्याला देऊन टाका एकदाच्या." मी देत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या शाळांतून छत्तीस वर्षे मुलांच्या वह्यांवर लाल शाईने फुल्या मारल्या, आता पंच्याहत्तरीत स्वतःच्या चुका समोर मांडून बसलो आहे.

झाले असे की संधिवाताने सौ.ची बोटे आखडली. खाली पावशीवर बसणे बंद झाले आणि बाजारातल्या सुरीची बारीक मूठ तिच्या हातात ठरेना. म्हटले, जाड मुठीची सुरी आपणच करू. त्यात काय एवढे! साकोलीच्या अलीकडे महामार्गाला लागून एका लोहाराचे दुकान आहे. ऐरण आजोबांच्या वेळची, भात्याच्या जागी मात्र विजेचा पंखा. हा लोहार माझाच विद्यार्थी. सातवीत शाळा सोडलेला. आता त्याचीही पन्नाशी उलटली.

पहिली सुरी मी घरात पडलेल्या खिडकीच्या गजाची केली. तीन दिवस ठोकली, घासली, लाल करून पाण्यात बुडवली. वांगे कापले गेले, पण भोपळ्यावर धार दुमडली. असल्या मऊ लोखंडात कार्बन साधारण ०.२ टक्के असतो, त्याला कितीही पाणी द्या, ते कडक होत नाही. मी त्याला म्हटले, "अरे, तीन दिवस पाहत होतास, मग बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही इचारलंच नाही जी गुरुजी."

दुसरी ट्रकच्या तुटक्या पाट्याची. महामार्गामुळे त्याच्याकडे पाट्यांचा ढीगच असतो. यात कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास, शिवाय थोडे मँगनीजही. (आमच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत. भूगोलात पाठ करून घेतले होते, पण ते सुरीत येते हे आत्ता कळले!) पाते तापले की त्याला चुंबक लावून पाहायचे. साधारण ७७० अंशांच्या वर चुंबक चिकटत नाही. तिथून आणखी थोडे तापवून लगेच पाणी द्यायचे. मला वाटले, जितके जास्त लाल तितके बरे. पाते पार पिवळे होईपर्यंत भट्टीत ठेवले आणि थंडगार पाण्याच्या बादलीत खुपसले. टण्ण! मधोमध तडा.

आता हा हसणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. त्याने पाते उचलले, उरलेला भाग ऐरणीवर ठोकून मोडला आणि दाराशी उजेडात नेला. "इकडे या जी. दाना पाहा." मोडलेल्या जागी साखरेसारखे जाड कण चमकत होते. नीट तापलेले पाते मोडले तर दाणा बारीक, राखाडी दिसतो. जास्त तापवले की दाणा वाढतो आणि पाते ठिसूळ होते. त्यातून पाते एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, दोन्ही एकाच वेगाने थंड होत नाहीत आणि ताण बसतो. असल्या पात्याला पाणी नाही, कोमट तेल. एवढे सगळे त्याने त्या तुकड्यावर बोट ठेवून दाखवले.

मी इतिहास शिकवायचो. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड गाळायची प्राचीन भट्टी सापडली, म्हणजे हे काम विदर्भात किती जुने! मी मात्र फळ्यावर 'लोहयुग' लिहून पुढच्या धड्याकडे वळत असे. आणि त्याच वर्गात हा मुलगा मागच्या बाकावर बसलेला असे. सकाळी बापाबरोबर भाता ओढून यायचा, वहीला काळी बोटे लागायची. एकदा मी ती वही सगळ्यांसमोर व्हरांड्यात भिरकावली होती आणि त्याच्या जातीवरून, धंद्यावरून बोललोही होतो. ते शब्द इथे लिहवत नाहीत. गणित चुकले होते की बरोबर होते, तेही मी पाहिले नव्हते.

असो. तिसरी सुरी तेलात थंड केली. कानस लावली तर घसरून गेली, म्हणजे कडकपणा आला. मग ठिसूळपणा जावा म्हणून तापलेल्या लोखंडी ठोकळ्यावर ठेवून परत हलकेच तापवले. घासून उजळलेल्या पात्यावर आधी वाळल्या तणसासारखा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळ्यावर थांबलो. सगळे जमले! आणि धार काढताना ग्राइंडरवर दोन सेकंद जास्त दाबली. टोकाकडची धार निळी पडली, म्हणजे तिथले पाणी उतरले.

त्या दिवशी दुकानात दुसरे कोणी नव्हते. मी म्हणालो, "तुझी वही मी फेकली होती. चुकले माझे."

तो पंखा बंद करत होता. "आठवते जी," एवढेच म्हणाला. थोड्या वेळाने कानस माझ्या हातात दिली. "ग्राइंडरला हात लावू नका आता. हातानं घासा."

सध्या धानकापणी तोंडावर आहे, त्याच्याकडे विळ्यांची रांग लागली आहे. मला त्याने मंडई झाल्यावर यायला सांगितले आहे. मुठीसाठी तिवसाचे लाकूड मिळाले, सौ.च्या हाताचे माप घेऊन ठेवले आहे. चौथे पाते तेलातून काढून, पिवळ्या रंगावर थांबवून घरी आणले आहे. रोज सकाळी चहानंतर अर्धा तास घासतो, मधे मधे बोट लावून पाहतो. अजून गरम झालेले नाही.