चाल देणाऱ्याची विद्या

पारनाका, कल्याण
रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कार्यक्रमात शेवटी कुणीतरी 'मंदारमाला' नाटकातल्या 'जय शंकरा'ची फर्माईश केली, तू नाही म्हणालीस, इथवर ठीक. घसा बसला होता, हेही खरं असेल. पण भर बैठकीत "राम मराठ्यांनी नाटकात आपलं गाणं वाया घालवलं" असं म्हणालीस, आणि ते मला इतक्या सहज सांगितलंस! मनू, बोलण्याआधी एकदा तरी माझ्या आईची आठवण काढायची होतीस.

त्याच बैठकीत तू जोगकंस गायलीस. तो राग कुणाचा? जगन्नाथबुवा पुरोहितांचा, म्हणजे तुझ्या वहीतल्या बंदिशींत ज्यांची मुद्रा आहे त्या गुणीदासांचा. त्यांच्याचपाशी राम मराठे शिकले, जितेंद्र अभिषेकी शिकले. आता साल बघ. 'मंदारमाला' १९६३चं, चाली राम मराठ्यांच्या. 'मत्स्यगंधा' १९६४चं, चाली अभिषेकीबुवांच्या. बोलपटांमुळे संगीत नाटकाची रया गेली होती, तेव्हा एका गुरूच्या दोन शिष्यांनी वर्षभराच्या अंतराने त्यात पुन्हा जीव ओतला. गुरूचा राग तू मिरवणार आणि शिष्यांचं काम हलकं म्हणणार, हे कुठल्या तालमीत बसतं?

आणि राम मराठे हा माणूस गाणं अर्धवट टाकून नाटकात गेला नव्हता गं. जन्म पुण्याचा, २३ ऑक्टोबर १९२४. प्रभातच्या 'गोपाळकृष्ण'मध्ये कृष्ण झाला तेव्हा चौदा वर्षंही पुरी नव्हती. दुसऱ्या वर्षी 'माणूस'मधला चहावाला पोऱ्या. दोन्ही चित्रपटांचं संगीत मास्तर कृष्णरावांचं, आणि पुढे त्यांच्याचकडे शिक्षण. मग मिराशीबुवांची ग्वाल्हेरची तालीम, वामनराव सडोलीकर, जगन्नाथबुवा. इतक्या ठिकाणी पाटी घेऊन बसायला केवढी नम्रता लागते! तू दोन वर्षांत दुसरा गुरू बदलायचं म्हणतेस. तेही चालेल, पण पहिल्याचं पचवून.

मास्तर कृष्णराव भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवांच्या, १९१६ सालच्या. त्यांनी खयालाच्या घरातले यमन आणि बिहाग रुक्मिणीच्या तोंडी बसवले. त्यांचं गाणं वाया गेलं असं म्हणायची तुझी छाती आहे? ज्याच्या पोटात शंभर बंदिशी मुरलेल्या नाहीत, त्याला नाटकाची चाल सुचूच शकत नाही, हे मी तीस वर्षं क्लासात सांगत आले.

चाल देणं म्हणजे शब्दांना राग चिकटवणं नव्हे. कुठलं अक्षर समेवर पडलं तर अर्थ मोडणार नाही, हे बघावं लागतं. आधीच्या प्रवेशात बोलून दमलेला नट श्वास कुठे घेणार, तान कुठे घेऊ द्यायची आणि पुन्हा मुखड्यावर यायला वाट कशी ठेवायची, हे सगळं पदाच्या दोन ओळींत बसवायचं. राम मराठे स्वतः रंगमंचावर उभे राहत, प्रसाद सावकारांबरोबर जुगलबंदी करत. त्यांना हे गळ्याने ठाऊक होतं.

आता आईचं. मला तेव्हा नववं होतं. बाबा 'मंदारमाला' बघून शेवटच्या लोकलने आले आणि जिना चढता चढता 'जय शंकरा' गुणगुणत होते. आईला कुठली बैठक आणि कुठलं तिकीट? सात माणसांचा स्वयंपाक, वाड्यातलं पाणी सकाळी साडेपाचला. पण रेडिओवर ते पद लागलं की पावटे सोलायची थांबायची. हातात शेंग तशीच. पद संपेपर्यंत दाणा ताटात पडायचा नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी मी तिला गायन समाजात नेलं. गवयाने अहिरभैरव सुरू केला. पाचसात मिनिटं विलंबित झालं असेल, कोमल रिषभावर तो स्थिरावला, आणि वर कोमल निषादाला हात लावून परत आला. आईने माझं मनगट धरलं आणि कानात म्हणाली, "अगं, हे तर आपल्या शंकराचं." तिने सा रे ग म कधी म्हटलं नव्हतं. तरी खाली भैरव आणि वर काफीचं अंग असलेला तो राग तिने ओळखला. तिला तो शिकवला कुणी? वाया गेलं म्हणतेस ते गाणं इथे आलं होतं मनू, पारनाक्यावरच्या स्वयंपाकघरात.

राम मराठे १९८९ साली गेले, पासष्टीही गाठली नाही. ते ठाण्यात राहिले, ठाण्याची महापालिका त्यांच्या नावाने महोत्सव करते. तू त्याच ठाण्यात राहतेस. म्हणून जास्त लागलं.

राग धरू नकोस. मला खरी काळजी वेगळीच आहे. फोनवर तुझा आवाज घोगरा येत होता. गर्दीच्या गाडीत उभी राहतेस, रात्री अकराला जेवतेस, सकाळचा खर्जाचा रियाज सुटलाय. सुटलाय ना? ज्याचा खर्ज सुटतो त्याला दुसऱ्याचं गाणं हलकं वाटायला लागतं, हे मी चांगल्या चांगल्या मुलींच्या बाबतीत पाहिलंय. कार्यक्रम दोन कमी घे. ज्येष्ठमध तोंडात धर, आणि डॉक्टरांना गळा दाखव. हे उद्याच कर.

येत्या रविवारी पहाटेच्या गाडीने इकडे ये. तंबोरा काळी पाचला लावून ठेवते. आधी तासभर अहिरभैरव गा, आणि मग ते पद म्हण. आईच्या फोटोसमोर बसून म्हण.

तुझी,
मावशी